आपल्याला न दिसणारा दिवा

गेल्या वर्षीची गोष्ट. पुनर्वसू लागलं होतं, आमच्याकडं ज्याला तरणा पाऊस म्हणतात ते. सेकंड शिफ्ट संपवून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतनं सायकल बाहेर काढली तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा झाले होते. पिरनवाडी गेली, मच्छे गेलं आणि देसूरला वळायच्या थोडं अलीकडं मागनं एक ट्रक आला. पुढं न जाता तो माझ्या बाजूला येऊन हळू झाला. क्लीनरनं डोकं बाहेर काढलं आणि पावसाच्या वरताण कानडीत ओरडला, "हिंदिन लैट हत्तिल्ल री!" मागचा लाईट लागलेला नाही.

मी पाय टेकले. ट्रक निघून गेला. उतरून मागं जाऊन बघितलं तर खरंच काळोख. गेटवर मी स्वतः बटण दाबलं होतं, तळहातावर पडलेला तांबडा उजेड बघितला होता. मग तो विझला कधी? गेटमधनं बाहेर पडल्या पडल्या, पिरनवाडीच्या दुकानांच्या उजेडात, का मच्छेच्या पुढं, जिथं अंधार सुरू होतो तिथं? आजही मला ते सांगता येणार नाही. पुढचा लाईट गेला तर त्याच क्षणी कळतं, कारण खड्डा दिसेनासा होतो. मागचा गेला तर आपल्याला काहीच कमी पडत नाही. आपण आपल्या नादात पॅडल मारत असतो आणि मागच्या माणसाच्या लेखी आपण रस्त्यावर नसतोच.

उरलेला रस्ता मी मोबाईलची बॅटरी लावून, तो पाठीवरच्या सॅकच्या जाळीत मागं तोंड करून खोचून काढला. घरी आल्यावर ओले कपडे अंगावर असतानाच तो दिवा घेऊन सोप्यात बसलो.

मी कारखान्यात सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवर काम करतो. सील कुठं बसलं नाही, पाणी कुठनं शिरलं हे शोधणं आमच्या रोजच्या कामातलं. दिव्याच्या काचेच्या आतल्या बाजूला दंव धरलं होतं. चार्जिंगच्या तोंडावर एक रबरी झाकणी असते, तिच्या एका कोपऱ्यात तांबडी माती बसली होती, ज्वारीच्या दाण्याएवढीसुद्धा नाही. तेवढ्यानं झाकणी उचलून राहिली होती. आतल्या पितळी पिना हिरवट पडल्या होत्या. म्हणजे पाणी त्या रात्री शिरलं नव्हतं, चार-सहा दिवस रोज थोडं थोडं शिरत होतं. मागच्या चाकाचं पाणी खालनं वर येतं आणि आमच्या बाजूला त्यात ही माती असतेच. दिवा बनवणाऱ्यानं वरनं पडणाऱ्या पावसाचा विचार केला होता. चाकानं खालनं मारलेल्या पावसाचा केला नव्हता.

खोक्यावर आयपीएक्स ४ लिहिलेलं होतं. मी ते वाचूनही घेतलं होतं, समजून घेतलं नव्हतं. कारखान्यातल्या मोटारींच्या पाटीवर आयपी ५५ रोज बघतो मी. आयपी म्हणजे वस्तू धूळ-पाणी किती अडवते त्याची खूण: पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. सायकलच्या दिव्यांवर बहुतेक वेळा पहिल्या आकड्याच्या जागी एक्स असतो, म्हणजे धुळीबद्दल त्यानं काही सांगितलेलंच नाही. दुसरा आकडा ४ असेल तर चारी बाजूंनी उडणारे शिंतोडे सोसेल, एवढाच त्याचा शब्द. ६ म्हणजे पाण्याची जोरदार धार. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पुष्कळांना वाटतं ७ आला म्हणजे ६ त्यात आलाच. तसं नाही. बुडवून ठेवणं आणि धार मारणं या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. शांत पाण्यात बुडून राहिलेलं सील धारेपुढं टिकेल असं नाही. आपल्याला सायकल तलावात घालायची नाही, जांबोटी-कणकुंबीकडनं येणाऱ्या पावसात चालवायची आहे. म्हणून मी ६ बघतो, दोन्ही असतील तर उत्तमच. आणि आकड्याच्याही आधी ती झाकणी नखानं उचलून बघतो. जाड आहे का, कडेला बसायला खोबण आहे का, सोडल्यावर आपोआप जागेवर जाते का. दुकानदार वैतागला तरी चालेल.

आमच्या वडिलांच्या सायकलला डायनामो होता. मागच्या चाकाला टेकवायची ती बाटली, ६ व्होल्ट ३ वॅटची. त्यातले २.४ वॅट पुढच्या दिव्याला आणि ०.६ वॅट मागच्या. पहाटे साडेचारला कॅरियरला दोन्हीकडं दुधाच्या किटल्या अडकवून ते शहापूरच्या गल्ल्यांत रतीब घालायला निघायचे. लहानपणी मी अंथरुणातनं तो घर्र आवाज ऐकायचो, आधी मोठा, मग ओढ्याच्या चढावर बारीक, मग नाहीच. त्यांना मागचा दिवा दिसत नव्हताच, पण आवाज होता आणि पायाला जडपणा होता. बाटली चाकावर फिरतेय हे पायाला कळायचं. वायर तुटलेली असली तर गोष्ट वेगळी, नाहीतर पाय सांगायचा की दिवा लागलेला आहे. थांबलं की मात्र विझायचा, आणि रेल्वे गेटवर उभं राहिलं की मागं काळोख. त्यासाठी मडगार्डच्या शेपटाला पांढरा पट्टा असायचा आणि त्यावर लाल काच.

आताचा चार्जिंगचा दिवा त्या मानानं फार पुढचा. थांबलं तरी जळतो, पायाला ओझं नाही, बोटाएवढा असून अर्धा किलोमीटर लांबनं दिसतो. पण तो आपल्याशी बोलत नाही. त्या रात्रीपासून दिवा निवडताना मी हेच बघत आलोय: हा दिवा मला त्याची खबर कशी देणार, आणि मागच्याला माझी खबर कशी देणार.

नवा घ्यायचा तर नुसता खोक्यावरचा आकडा बघून घ्यायचा नाही, असं ठरवलं. रविवारी राकसकोपकडं किंवा खानापूरला जाणारी आमची मंडळी आहेत, त्यांच्याकडनं दोन दिवे चार दिवसांसाठी मागून आणले. तिसरा दुकानदारानं विश्वासावर दिला. शेजारचे तात्या उसाच्या हंगामात ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून कारखान्याला ऊस घालतात. त्यांना म्हटलं, मला तुमच्या सीटवर बसून बघायचंय. माझ्या रस्त्यावर रात्री माझ्या मागं असतं कोण? तेच असतात. पुठ्ठ्याच्या खोक्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा त्यांना विचारावं.

सुगी झाली होती. गावाबाहेर भाताची शेतं रिकामी, मधनं रस्ता जातो, पुढं एक वळण आणि वळणावर मोरी. पुतण्याला सायकल देऊन मोरीकडं पाठवला. मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, तात्या सीटवर. इंजिन चालू, पुढचे लाईट चालू, म्हणजे जसं खरं असतं तसं.

पहिला दिवा सगळ्यात महागाचा. खोक्यावर १५० लुमेन. जवळनं डोळ्यात बघवत नव्हतं. पुतण्या सरळ रस्त्यावर असेपर्यंत तो एकटाच दिसत होता, बाकी शेत, झाड, बांध काही नाही. पोरगं वळणाला लागलं आणि दिवा एकदम मालवल्यासारखा झाला. विझलेला नव्हता, फक्त त्याचं तोंड आता आमच्याकडं नव्हतं. लुमेन म्हणजे दिव्यातनं एकूण किती उजेड बाहेर पडतो ते. तो उजेड एका दिशेला किती जोरानं जातो त्याला कँडेला म्हणतात. भिंग लावून सगळा उजेड बारीक झोतात कोंबला की समोरनं भगभगीत आणि बाजूनं आंधळा. खोक्यावर लुमेन लिहितात. किती अंशात तो पसरतो हे फार थोडे लिहितात, आणि वळणावर, चौकात, आडव्या रस्त्यानं येणाऱ्याला तेच लागतं.

दुसरा ३० लुमेनचा, साधा. आत एका रांगेत बारीक एलईडी, वर दुधी काच, आणि काच दोन्ही कडांना गोल वळवून बाजूला आणलेली. सरळ रस्त्यावर तो पहिल्याच्या निम्माही वाटला नाही. वळणावर मात्र तो राहिला. पुतण्या मोरी ओलांडून पलीकडं आडवा जाईस्तोवर तांबडी रेघ दिसत राहिली.

"तात्या, सांगा बघू, कुठला बरा दिसूलाय?"

तात्या लगेच बोलले नाहीत. पुतण्याला त्यांनी दोन्ही दिवे परत लावून फिरायला लावलं, एकदा लुकलुकता, एकदा स्थिर. मग म्हणाले, "मोठा दिसूलाय की रे, दिसत न्हाई असं न्हाई. पण लुकलुकूलाय तवर किती लांब हाय ते कळंना झालंय. एकदा जवळ वाटूलंय, एकदा लांब. बारका बघ, त्याचं कळूलंय."

हे मी कुठंतरी वाचलेलं होतं, पण ट्रॅक्टरवर बसून ऐकल्यावर ते डोक्यात बसलं. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो, यात वाद नाही. दिवसाउजेडी तर तोच पाहिजे. पण अंधारात, आजूबाजूला दुसरं काही दिसत नसताना, अंतर जोखायला डोळ्याला सलग उजेड लागतो. दिवा बंद झाला त्या क्षणी सायकल कुठं होती आणि परत लागला तेव्हा कुठं आहे, हे डोळ्याला दर वेळी नव्यानं शोधावं लागतं. ताशी ६० च्या वेगानं येणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढं येते. ड्रायव्हरला कळायला आणि पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला तरी २५ मीटर तिथंच गेले, ब्रेक लागून गाडी थांबायचे वेगळे, आणि उसाच्या दोन भरल्या ट्रॉल्या मागं असतील तर त्याचा हिशोब तात्यांनीच करावा. जर्मनीत सायकलचा मागचा दिवा लुकलुकता चालतच नाही, स्थिरच लागतो. ब्रिटनमध्ये २००५ पासून लुकलुकत्याला परवानगी आहे, पण मिनिटाला ६० ते २४० वेळा, त्याच्या बाहेर नाही. दोन्ही देशांनी विचार करूनच ठरवलं असणार. मला विचाराल तर रात्री आमच्या रस्त्यावर जर्मनांचं बरोबर आहे. मधला मार्ग म्हणजे काही दिव्यांत असलेली ती नाडीसारखी तऱ्हा: दिवा मंद जळत राहतो आणि मध्ये मध्ये उसळतो, पूर्ण विझत कधीच नाही. मिळाली तर तीच घ्यावी. झपाझप मारणाऱ्या स्ट्रोबचा मात्र मला मनापासून राग आहे. रविवारी पहाटे पुढच्या सायकलवाल्यानं तो लावला की मागच्याला अर्धा तास डोळे मिचकावत जावं लागतं. ज्याच्या भल्यासाठी दिवा लावायचा त्यालाच त्रास.

तिसऱ्या दिव्याचं सांगण्यासारखं फार नाही. त्याचा रबरी पट्टा सैल होता आणि खड्ड्यात गेल्यावर दिवा खाली मान टाकायचा. पण त्याच्यामुळं एक कळलं. तात्यांच्या सीटच्या उंचीवरनं, जमिनीकडं कललेला दिवा जवळजवळ दिसतच नाही. आभाळाकडं बघणाराही तसाच फुकट. सीटची दांडी सरळ उभी नसते, मागं कललेली असते, म्हणून चांगल्या दिव्याच्या पाठीचं रबर पाचरीसारखं तासलेलं असतं, की दिवा बसवल्यावर त्याचं तोंड रस्त्याला समांतर राहावं. दिवा बसवला की पाच पावलं मागं जाऊन, वाकून, त्याच्या उंचीवर डोळा आणून बघायचं. याला पैसे पडत नाहीत.

मी शेवटी घेतला तो दुसऱ्या जातीचा, दुधी काचेचा, थोडा जास्त उजेडाचा. घेतल्यावर पहिल्या रविवारी तो घरीच खिडकीत लावून ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागं दर अर्ध्या तासाला त्याची स्थिती लिहिली. खोक्यावर मोठ्ठे तास लिहिलेले असतात ते सगळ्यात मंद लुकलुकीचे. आपण वापरणार त्या तऱ्हेवर किती चालतो हे आपणच मोजावं. माझा स्थिर उजेडावर सहा तासांच्या जरा वर गेला. त्याहून महत्त्वाचं, संपत आल्यावर त्यानं काय केलं. काही दिवे शेवटपर्यंत तेज राहतात आणि फट्‌दिशी मरतात. हा आधी बटणाशेजारी बारीक लाल ठिपका दाखवतो, मग स्वतःच मंद होतो आणि त्या मंद उजेडावर आणखी तासभर काढतो. घरी पोचायला तेवढा तास पुरतो. मला जायला-यायला मिळून दोन तास लागतात, म्हणून बुधवारी आणि रविवारी तो चार्जिंगला लागतो, ठिपका दिसो न दिसो. लिथियमच्या बॅटरीला पूर्ण कोरडी करणं मानवत नाही आणि उन्हाचा ताप तर त्याहून नाही. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली सायकल उभी करतो तेव्हा दिवा काढून डब्याच्या पिशवीत टाकतो.

चार्जिंगचं एक सांगायला पाहिजे, कारण त्यावर आमच्यातल्या एकाचा नवा दिवा जवळजवळ परत जाणार होता. दिव्याला तोंड टाईप-सीचं, घरात मोबाईलची वायर दोन्हीकडं सी असलेली, आणि दिवा चार्जच होईना. दिवा बिघडलेला नव्हता. सी-टू-सी वायरनं वीज घ्यायची तर दिव्याच्या आत दोन बारके रेझिस्टर असावे लागतात, तेव्हा चार्जर वीज सोडतो. स्वस्तातल्या पुष्कळ दिव्यांत ते बसवलेले नसतात. जुन्या चौकोनी यूएसबीची वायर लावली की झटक्यात चार्ज होतो. त्याला ती वायर मी दिली, अजून त्याच्याकडंच आहे.

दिवा झाला, तरी पावसाळा उरलाच होता. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात रेनकोट चढवला आणि बायको दारातनं म्हणाली, "अहो, दिवा कुठाय?" रेनकोटचा मागचा पदर सीटच्या मागं लोंबत होता आणि दिवा त्याच्याखाली. एवढं सगळं मोजूनमापून बसवलेला दिवा मी स्वतःच्या हातानं झाकून निघालो होतो. दिवा कॅरियरच्या टोकाला न्यावा असं आधी वाटलं, काही कॅरियरना त्यासाठी मागं भोकंही असतात. पण तिथं चाकाचा मारा जास्त. शेवटी गावातल्या शिंप्याकडं रेनकोट नेला. त्यानं मागच्या पदराला दोन टिचबटणं लावून दिली. पदर वर दुमडून बटणं मारली की दिवा मोकळा. कॅरियरवर डब्याची पिशवी उभी बांधायचो तीही सोडली, आता ती बाजूला अडकवतो.

मागनं येणारी गाडी रडारनं हेरून हँडलवर सांगणारे दिवेही आता आहेत. गार्मिन कंपनीच्या व्हारिया दिव्यांच्या बऱ्याच मॉडेलांत १४० मीटरपर्यंतची गाडी कळते. आमच्यातल्या एका डॉक्टरांकडं आहे, मी एकदा लावून बघितला. हायवेला लांब पल्ल्याला जाणाऱ्यानं ऐपत असेल तर जरूर घ्यावा. माझ्या पगाराला तो झेपत नाही. त्या पैशात मी एक बारका दुसरा दिवा घेतला, तो कॅरियरच्या खाली लुकलुकत असतो. वरचा स्थिर, खालचा लुकलुकता. एक गेला तर दुसरा आहे. आणि उरलेल्या पैशात पॅडलच्या दोन्ही कडांना आणि बुटाच्या टाचांना रेडियम लावलं. वरखाली होणारं रेडियम बघितलं की मागच्याला कळतं की पुढं माणूस पाय मारतोय, नुसता ठिपका नाही. तात्यांनी हे मान्य केलं आणि स्वतःच्या ट्रॉल्यांना मागनं दोन हात लांबीच्या रेडियमच्या पट्ट्या लावून घेतल्या. गेल्या हंगामापर्यंत त्या ट्रॉल्यांना मागं काहीच नव्हतं.

दिवसाही लावतो आता. डेन्मार्कमधल्या ओडेन्से शहरात २००४-०५ मध्ये काही हजार सायकलवाल्यांवर प्रयोग झाला होता. निम्म्यांच्या सायकलला दिवसरात्र जळणारे दिवे दिले, बाकीच्यांना नाही. दिवेवाल्यांत जखमी होण्याच्या अपघातांचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी निघालं. तो देश आणि आमचा खानापूर रस्ता यांत फरक आहे, पण जानेवारीत सकाळी सहाला निघतो तेव्हा सूर्य उगवायला तासभर असतो, देसूरच्या सखल भागात धुकं असतं, आणि सात वाजता उजाडलं तरी ते उठत नाही. तिथं उजाडलं म्हणून दिवा बंद करायला हात जात नाही.

मागचा दिवा लागलेला आहे हे मला चालवताना कळायचं कसं, हा प्रश्न तेवढा राहिला होता. तो वडिलांनी सोडवला. ते आता सायकल चालवत नाहीत, सोप्यात बसून माझी ही खटपट बघत असतात. एक दिवस म्हणाले, "पांढरा पट्टा मार की मागं. आमच्या मडगार्डला असायचा तसा." आधी मला वाटलं, ते जुन्या आठवणीत बोलूलेत. मग उठून बघितलं. कॅरियरच्या शेवटी एक आडवी पट्टी आहे, दिव्याच्या थोडी खाली आणि वीतभर मागं. तिच्यावर पांढरा रंग मारला, दोन हात दिले. अंधारात खांद्यावरनं मान वळवली की ती पट्टी तांबडी दिसते.

परवा सेकंड शिफ्टहून येताना मच्छेच्या पुढं गेल्यावर मान वळवून बघितलं. पट्टी तांबडी होती. मागं लांब कुणाचेतरी लाईट येत होते. ते जवळ आले, खाली झाले, गाडीचा आवाज बारीक झाला. पुढं वळण होतं. वळण संपेपर्यंत ती गाडी माझ्या मागंच राहिली, मग उजवीकडनं चांगली लांबनं निघून गेली.